क्युबा 12 दिवसांत, टूर कंपनीशिवाय: कोणती शहरं घ्यायची आणि कोणती सोडायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघंही साठीच्या आसपास. मुलगी मेक्सिको सिटीत नोकरीला आहे. डिसेंबरात तिच्याकडे जाणार आणि तिथून 12 दिवस क्युबाला, लंडनचा भाचाही बरोबर. यादीत सहा जुनी शहरं: हवाना, सिएनफ्वेगोस, त्रिनिदाद, कामाग्वे, सान्तियागो आणि बाराकोआ. टूर कंपनी नको, स्पॅनिश येत नाही, दोघंही शाकाहारी. बस आणि राहण्याची घरं आधी बुक करून हे जमेल का?

सहा जमणार नाहीत. तीन नीट होतील, चौथं परिस्थिती बघून. तीनच केलीत तरी काही हुकलं असं वाटणार नाही, हे मी खात्रीनं सांगते. मी पुण्यात स्पॅनिशची दुभाषी म्हणून काम करते. क्युबाला पाचदा जाणं झालं, दोनदा कामासाठी आणि तीनदा ओळखीच्या चार-सहा जणांना घेऊन. पहिल्या खेपेला माझ्याही यादीत सहा शहरं होती.

आधी नकाशा बघा. बेट लहान वाटतं, पण लांबट आहे, टोकापासून टोकापर्यंत साधारण 1,250 किलोमीटर. हवाना ते सान्तियागो रस्त्यानं 870 किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबई-नागपूरहून जास्तच. बसनं पंधरा-सोळा तास, तेही सगळं सुरळीत असेल तर. बाराकोआ त्याच्याही पुढे आणि शेवटचा टप्पा डोंगरातल्या वळणांचा. पुन्हा तुमचं परतीचं विमान हवानाहूनच, म्हणजे तेवढाच रस्ता उलटा. 12 दिवसांतले चार दिवस खिडकीबाहेर उसाची शेतं बघण्यात जातील. आपण कोल्हापूरकडची माणसं असू तर तेवढ्यासाठी क्युबाला जायची गरज नाही.

हे अंतराचं झालं. खरा अडसर इंधनाचा आणि विजेचा आहे. पर्यटकांसाठीच्या वियाझूल बसच्या फेऱ्या गेल्या काही वर्षांत कमी झाल्या आहेत आणि देशांतर्गत विमानांवर कुणी बेत आखत नाही. 18 ऑक्टोबर 2024 ला मातान्सासचं मोठं वीजकेंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला. त्यानंतरही असं पुन्हा पुन्हा झालंय. रोजचं भारनियमन वेगळंच, त्याला तिथे ‘आपागोन’ म्हणतात. आपण 2005 नंतरचं लोडशेडिंग काढलेली माणसं, तेव्हा कल्पना करायला अवघड नाही. फरक इतकाच की आपल्याकडे निदान वेळापत्रक पेपरात यायचं. हवानाला त्यातल्या त्यात झुकतं माप असतं, बाकीच्या गावांना जास्त सोसावं लागतं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदर बाल्कनीच्या खोलीत तुम्ही बादली घेऊन उभ्या.

त्यामुळे किती शहरं बघता येतील यापेक्षा किती वेळा मुक्काम हलवावा लागेल, ते मोजा. मुक्काम हलवायचा म्हणजे गाडी मिळवणं, पैशांचा व्यवहार, नवीन घर, नवीन पाणी. तुमच्या वयाला आणि 12 दिवसांना तीन-चार हलवाहलवी पुष्कळ झाल्या.

मी असा बेत आखेन: हवानाला चार रात्री, सिएनफ्वेगोसला एक, त्रिनिदादला चार, परत हवानाला दोन. कामाग्वेला जायचंच असेल तर त्रिनिदादची एक आणि शेवटच्या हवानातली एक काढून तिथे दोन रात्री द्या. पण हे त्रिनिदादला पोचल्यावर ठरवा, घरून नाही. सान्तियागो आणि बाराकोआ सोडा. सान्तियागो सोडा म्हणताना मला वाईट वाटतं. बेटाची सुरुवातीची राजधानी ती, समुद्रावरचा 17 व्या शतकातला मोरो किल्ला तिथे, क्युबाच्या स्वातंत्र्यलढ्यातला कवी-नेता होसे मार्ती, त्याची समाधी तिथे, आणि दर अर्ध्या तासानं होणारी पहारेकऱ्यांची बदली बघताना गर्दीसुद्धा गप्प होते. पण ऑक्टोबर 2024 मध्ये ऑस्कर चक्रीवादळानं बाराकोआची बाजू झोडपली, ऑक्टोबर 2025 मध्ये मेलिसानं सान्तियागोची. सगळी टंचाई त्या टोकाला आणखी बोचते. तीन आठवडे काढून कधी गेलात तर जरूर जा.

(आणि त्रिनिदाद म्हणजे ब्रायन लाराचं त्रिनिदाद नव्हे. हे क्युबातलं गाव. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी घरी सांगून ठेवलं होतं की पोर्ट ऑफ स्पेनचं स्टेडियमही बघून येतो.)

राहण्याचं: हॉटेल नको, ‘कासा पार्तिकुलार’ घ्या, म्हणजे परवाना असलेलं घरगुती राहणं. 1997 पासून हे कायदेशीर आहे. दारावर पांढऱ्या पाटीवर नांगरासारखी दिसणारी निळी खूण असते. मालकीण पासपोर्ट घेऊन वहीत नोंद करते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. या घरांचा खरा फायदा खोलीपलीकडचा आहे. तुमची हवानाची मालकीण त्रिनिदादच्या मालकिणीला फोन करते, तिची मावसबहीण सिएनफ्वेगोसला असते, तिच्या दिराकडे गाडी असते. संपूर्ण प्रवास या साखळीवर होतो. म्हणून फक्त हवाना आणि त्रिनिदाद आधी पक्कं करा, बाकीचं साखळीवर सोडा. स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही. फोनवर ऑफलाइन भाषांतर उतरवून घ्या आणि नकाशाही, कारण वीज गेली की बरेचदा मोबाइलचं नेटवर्कही जातं.

घर निवडताना मी तीन गोष्टी विचारते. पहिली, तळमजला आहे का. स्पॅनिशमध्ये ‘प्लान्ता बाहा’. जुन्या हवानातल्या इमारतींची छतं इतकी उंच की आपला तिसरा मजला म्हणजे तिथला दुसरा, आणि जिने उभे. दुसरी, पाण्याची टाकी आहे का. तिसरी जरा आतल्या गोटातली: घर हॉस्पिटलच्या वीजवाहिनीवर आहे का. हॉस्पिटल असलेल्या भागात वीज सहसा कमी जाते आणि तिथल्या घरमालकिणी हे अभिमानानं सांगतात, आपल्याकडे जसं ‘चोवीस तास पाणी’ सांगतात तसं.

पैशांबाबत मी कडक आहे. युरो घेऊन जा, रोख, सुट्या लहान नोटा, कोऱ्या करकरीत. फाटकी किंवा पेनाची रेघ असलेली नोट कुणी घेत नाही. माझी पन्नासची एक नोट पूर्ण बेट फिरून पुण्याला परत आली. कार्ड चालेल या भरवशावर एकही दिवस ठेवू नका. जुन्या ब्लॉगांवर दोन चलनांबद्दल जे वाचाल ते विसरा, पर्यटकांचं वेगळं चलन जानेवारी 2021 मध्ये बंद झालं. आता पेसो एकच, पण सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांत मोठी दरी आहे. त्या दरीसाठी कोपऱ्यावरच्या अनोळखी माणसाकडे जाऊ नका. घराचं भाडं आणि गाडी युरोत द्या, आणि जेवणखाण, फळं, वरखर्चासाठी थोडे थोडे पेसो मालकिणीला विचारून घ्या. एकदम शंभर युरो मोडलेत तर नोटांची थप्पी ठेवायला पिशवी लागेल आणि जाताना त्या कुणी परत घेणार नाही.

आता शहरांकडे येते.

हवानात पहिल्या दिवशी काही बघू नका. जुन्या हवानातले चार चौक आहेत: आर्मास, कॅथेड्रल, सान फ्रान्सिस्को आणि प्लासा बिएहा. ते एका सकाळी होतात, पण तुम्ही दोन सकाळी द्या. 1982 पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. तरी आज जे उभं दिसतं त्याचं श्रेय बऱ्याच अंशी शहराचे इतिहासकार एउसेबिओ लेआल यांना जातं, ते 2020 मध्ये गेले. 1990 च्या दशकात, सोव्हिएत मदत आटलेली असताना, त्यांच्या कार्यालयाला जुन्या शहरात हॉटेलं-उपाहारगृहं चालवून त्या कमाईतून इमारती दुरुस्त करायची मुभा मिळाली. प्लासा बिएहाच्या मधोमध 1950 च्या दशकात जमिनीखाली गाड्यांचा तळ बांधला होता, तो फोडून चौक पुन्हा मोकळा केला गेला. मात्र त्या चौकातून दोन गल्ल्या बाहेर पडा, म्हणजे दुरुस्ती कुठे संपते ते दिसेल. टेकू लावलेल्या भिंती, बाल्कनीवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली पत्त्यांसारखा दोमिनोचा डाव मांडलेले म्हातारे. आमच्यातल्या काहींना ते बघून अवघडल्यासारखं झालं. ते होऊ द्यावं, पण फोटो विचारूनच काढावा.

आर्मास चौकात जुन्या गव्हर्नरच्या वाड्यासमोरचा रस्ता दगडाचा नाही, लाकडी ठोकळ्यांचा आहे. सांगतात असं की घोडागाड्यांच्या खडखडाटानं साहेबांची झोप मोडू नये म्हणून. खरं-खोटं सोडा, पण वाकून हात लावून बघा. रात्री नऊला समोरच्या काबान्या किल्ल्यावर तोफ उडते, पूर्वी वेशी बंद व्हायच्या तेव्हाची खूण म्हणून. हा किल्लाच मुळी धडा घेऊन बांधलेला. 1762 मध्ये इंग्रजांनी त्याच टेकडीवरून तोफा डागून हवाना घेतलं, वर्षभरात स्पेननं ते फ्लोरिडा देऊन सोडवून घेतलं, आणि लगेच 1763 ला टेकडीवर किल्ल्याचं काम काढलं.

रांगांचं एक शिकून ठेवा. बँक, बेकरी, बस, सगळीकडे माणसं विखुरलेली दिसतील, ओळ म्हणून दिसणार नाही. जाऊन मोठ्यानं विचारायचं, ‘एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी बोट वर करतं. आता शेवटच्या तुम्ही. त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. पुढचा येऊन विचारेल तेव्हा तुम्ही बोट वर करायचं. मी पहिल्यांदा हे न कळून थेट दारापाशी गेले, तेव्हा एका आजींनी माझ्या खांद्याला धरून मला माझ्या जागी नेऊन उभं केलं. रागावल्या नाहीत, पण सोडलंही नाही.

सिएनफ्वेगोसबद्दल फार लिहीत नाही. 1819 मध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांनी वसवलेलं, सरळ रेषांचं, नीटनेटकं गाव. चौक, 1890 चं तेर्री नाट्यगृह, संध्याकाळी खाडीकाठी फेरी. एक रात्र पुरे. प्रवास तोडायला ते सोयीचं आहे, हवानापासून साधारण अडीचशे किलोमीटर आणि पुढे त्रिनिदाद ऐंशीवर.

त्रिनिदादला चार रात्री का, हे मात्र सविस्तर सांगते. 1514 चं गाव, 19 व्या शतकात साखरेनं गबर झालेलं. पुढे साखरेचा धंदा बसला आणि गाव आहे तसं थिजलं, पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. त्या घरांत राहिलात की तुम्हाला आपले वाडे आठवतील. रस्त्यालगत मोठं लाकडी दार, त्याच दारात माणसापुरतं छोटं दार, अगदी आपल्या दिंडी दरवाजासारखं. आत उंच ओसरीसारखी खोली, तिच्यामागे चौक, चौकात विहीर किंवा झाड, आणि भोवती खोल्या. मी ज्या घरी उतरते तिथे खिडक्या जमिनीपासून सुरू होतात, त्यांना लाकडी गज. संध्याकाळी मालकीण आतून खुर्ची ओढून गजांशी बसते आणि रस्त्यावरच्या शेजारणीशी बोलते. एकीचा पाय घरात, दुसरीचा रस्त्यावर, मधे गज. तासभर. वीज गेली की गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत अशाच खुर्च्या येतात. त्या गल्ल्या गोट्यांच्या दगडांच्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर जाड तळाचे बूट आणि एक काठी घ्या. चाकांची बॅग तिथे उपयोगाची नाही.

एक दिवस ‘वाये दे लोस इन्हेनिओस’ला द्या. इन्हेनिओ म्हणजे साखरेचं गुऱ्हाळ, पण कारखान्याएवढं. या खोऱ्यात अशा 75 गुऱ्हाळांचे अवशेष आहेत आणि गावाबरोबर हेही 1988 पासून जागतिक वारशात आहे. मानाका इस्नागाला एक मनोरा आहे, साधारण 45 मीटर उंच. वर घंटा असायची. ती कामाच्या वेळा सांगायची, आणि वरून उसातल्या गुलामांवर नजर ठेवता यायची. क्युबात गुलामगिरी 1886 पर्यंत चालली. गावातल्या संग्रहालयांतली झुंबरं आणि चिनी मातीची भांडी ज्या पैशातून आली तो पैसा इथला, म्हणून मी लोकांना आधी मनोरा दाखवते आणि मग गावातला वाडा. उलट्या क्रमानं बघितलं तर वाड्यात नुसतं ‘काय छान’ होतं. मालकाच्या घरामागे जुना लोखंडी चरक आहे, ‘त्रापिचे’, चार जणांनी दांडा ढकलून फिरवायचा. रस निघतो त्याला म्हणतात ग्वारापो. आमच्यातले एक निवृत्त शेतकरी काका दांडा धरून उभे राहिले, दोन फेऱ्या मारल्या आणि रस पिऊन म्हणाले, आलं-लिंबू नाही घातलं. नंतर मालकाला खुणेनं विचारत होते की चिपाड जाळता की नाही.

कामाग्वे परिस्थिती बघून का म्हणते, तेही सांगते. एका वर्षी त्रिनिदादहून आम्ही चौघं शेअर टॅक्सीनं निघालो. गाडी 1950 च्या दशकातली शेवरोले, इंजिन मात्र कुठल्याशा डिझेल गाडीचं. अडीचशे किलोमीटर, पाच तास धरले होते. सिएगो दे आविलाच्या अलीकडे ड्रायव्हरनं एका घरापाशी गाडी थांबवली आणि कॅन घेऊन आत गेला. डिझेल तिथे नव्हतं, दुसऱ्या घरी होतं; दुसऱ्या घरचा माणूस शेतावर गेला होता. आम्ही पायरीवर अडीच तास बसलो. त्या घरातल्या बाईंनी न विचारता बोटभर कपांतून कडक, गोड कॉफी आणून दिली. शेवटी ड्रायव्हरनं रबरी नळी तोंडानं ओढून डिझेल भरलं. पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ, कामाग्वेत वीज नाही, आणि हे शहर म्हणजे नुसता गल्ल्यांचा गुंता. चाचे वाट चुकावेत म्हणून असं बांधलं, अशी दंतकथा आहे. 1668 मध्ये हेन्री मॉर्गननं ते लुटलंच, तेव्हा चाचे काही चुकले नव्हते. आमचा ड्रायव्हर मात्र चुकला. एका सायकलवाल्या पोरानं पुढे राहून आम्हाला दारापर्यंत सोडलं.

सकाळी चौकात बघते तर कमरेएवढे मातीचे रांजण, अर्धे जमिनीत पुरलेले. ‘तिनाहोन’ म्हणतात त्यांना. पावसाचं पाणी पन्हाळीतून त्यात साठवायचे. त्यातलं पाणी प्यायलं की माणूस कामाग्वेतच राहतो म्हणे. मला हे शहर त्रिनिदादपेक्षा आवडतं, कारण पर्यटक कमी आणि माणसं आपापल्या कामात. पण तो प्रवास आता तुम्हाला झेपेल का, आणि त्या आठवड्यात डिझेल असेल का, हे मी पुण्यात बसून सांगू शकत नाही.

जेवणाचं: भात, काळा घेवडा, तळलेली कच्ची केळी, युका नावाचा कंद, पपई, अननस, अंडी खात असाल तर अंडी. यावर 12 दिवस निघतात. मात्र भात-घेवडा बरेचदा डुकराच्या चरबीत करतात, म्हणून आधीच सांगा: ‘सिन मान्तेका, सिन कार्ने, सिन हामोन’, चरबी नको, मांस नको, हॅम नको. घरात जेवलात तर हे पाळलं जातं, बाहेर खात्री नाही. मेतकूट, चटण्या, भाजलेले पोहे घेऊन जा. विकतचं पाणी मिळेल तेव्हा घेऊन ठेवा. औषधं पूर्ण दिवसांची आणि वर आठवडाभराची, तिथल्या दुकानात क्रोसिनसुद्धा गृहीत धरू नका. पॉवर बँक दोन, डोक्याला बांधायचा टॉर्च दोन. जास्तीच्या क्रोसिनच्या पट्ट्या, साबण, सुया-दोरा येताना घरमालकिणीकडे ठेवा. टिपपेक्षा त्याचा आनंद जास्त होतो.

कागदपत्रांत तुमच्यासाठी दोन गोष्टी. क्युबाचा ई-व्हिसा आणि प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात भरायचा ऑनलाइन फॉर्म लागतोच, वैद्यकीय विमाही. पण आधी मेक्सिकोचं बघा: तुम्ही तिथून बाहेर पडून पुन्हा आत येणार आहात, तेव्हा तुमच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेश आहेत का? आणि लंडनचा भाचा बरोबर येणार असं लिहिलंय, त्याचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर त्याला आधीच कल्पना द्या. 12 जानेवारी 2021 नंतर क्युबाला जाऊन आलेल्यांना अमेरिकेत व्हिसाशिवाय जाण्याची ‘एस्टा’ सवलत चालत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. त्याला नोकरीसाठी न्यूयॉर्कला जावं लागत असेल तर हे महाग पडेल.

निघायच्या आठवडाभर आधी हवाना आणि त्रिनिदादच्या मालकिणींना व्हॉट्सअॅपवर तीनच गोष्टी विचारा: दिवसातून वीज किती तास असते, पाणी येतं का, आणि पुढच्या गावाला गाडी मिळते का, केवढ्याला. त्या खरं सांगतात. दोघींकडूनही रडगाणंच आलं तर फक्त हवाना करा, सहा रात्रींत, आणि उरलेले दिवस मुलीकडे काढा. उत्तरं स्पॅनिशमध्ये आली आणि भाषांतरात काही विचित्र निघालं, तर मला पाठवा, वाचून सांगते.